तीन चाकांच्या मागं

मी पळायचे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी विचारायला नको की ही बाई नक्की करत काय होती. कोपरखैरण्याच्या रस्त्यावर, सकाळी, साडी वर खोचून, पायात शाळेतली पोरं पीटीला घालतात तसले पांढरे कॅनव्हासचे बूट, मंगळसूत्र ब्लाउजमधी कोंबलेलं, पुढं तीन चाकांची गाडी, गाडीत माझी लेक आणि मागं मी. लोक बघायचे. बघू देत. पण त्या गाडीपायी माझ्या लेकीला माझ्यापासनं न्यायला माणूस आलं, म्हणून हे सगळं लिहायला बसले.

तिकडं त्या वर्षांत रस्ते आधी झाले आणि माणसं मागनं आली. एवढे रुंद रस्ते, आणि दोन्ही बाजूला नुसते मोकळे प्लॉट, गवत, पाणी साठलेले खड्डे, त्यात बगळे. खाडीकडनं वारा यायचा, त्याला चिखलाचा वास. माझा नवरा मार्केटात माथाडी, कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर पाठीवर गोणी वाहायचा. आमच्या बिल्डिंगमधी निम्मी घरं माथाड्यांची, सगळी आमच्याच साताऱ्याकडची. गावात जी तोंडं बघितली तीच इथं जिन्यात. इथं काय झालं की ते गावाला कळायला वेळ लागायचा नाय.

मी सातवीपर्यंत शिकले. पुढं शिकले नाय कारण आई गेली आणि घरात भाकरी थापायला दुसरं कोण नव्हतं. आई दम्यानं गेली. दमा म्हणजे काय ते मला कुणी सांगू नये, मी बघितलाय. उशी पोटाशी धरून बसलेली असायची, खांदे वर-खाली, तोंड उघडं, आणि डोळे आमच्या तोंडाकडं. बोलायची नाय. बोलायला पण हवा लागते.

म्हणून बाळंतपणानंतर जिना चढताना मला धाप लागायला लागली तेव्हा मी कुणाला बोलले नाय. पोर कडेवर, हातात भाजीची पिशवी, दोन मजले झाले की डोळ्यापुढं काळं यायचं. मी थांबायचे आणि चपलेचा अंगठा नीट करतेय असं दाखवायचे. जिन्यात कुणी आलं तर म्हणायचे, चप्पलच खराब निघाली. किती दिवस चप्पल खराब निघणार. एकदा नवऱ्यानंच बघितलं. तो वरनं खाली येत होता आणि मी कठड्याला धरून उभी, तोंड उघडं. माझं तोंड त्या वेळेला कसं दिसत होतं ते मला माहीत होतं.

त्यानं दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईनं छाती तपासली, पाठ तपासली, बोटातनं रक्त काढलं. मी सगळं सांगितलं, आईचं पण सांगितलं. ती म्हणाली, "दमा नाहीये तुला. रक्त कमी आहे आणि अंगाला हालचालीची सवय राहिली नाहीये. गोळ्या घे आणि रोज भरभर चाल, घाम येईपर्यंत. जमायला लागलं की पळ."

मी म्हणलं, "बाई, पोर कुठं ठेवू?"

ती चिठ्ठीवर लिहीतच होती. म्हणाली, "घेऊन पळ की." आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

चेष्टेत म्हणाली असंल. नवरा पण घरी येईपर्यंत हसत होता. पण मला त्या गोष्टीत चेष्टा कळत नव्हती. मला एवढंच कळलं की एक रस्ता आहे आणि तो पायांनी जायचा आहे. मी पोरीला कडेवर घेऊन भरभर चालून बघितलं. पाठीत कळ आली, पोर रडायला लागली, आणि मी घाम यायच्या आधीच घरी. पाठीला पदरानं बांधून बघितलं, ती पदरातनं निसटायची. शेजारणीकडं ठेवावी तर तिची स्वतःची दोन लहान.

मग नवऱ्यानं ती गाडी आणली. गाळ्याच्या शेठची मुलगी अमेरिकेला, ती बाळ घेऊन येऊन गेली होती आणि जाताना गाडी इथंच टाकून गेली. गाळ्याच्या मागं पडून होती, शेठ त्यात रिकाम्या गोणी ठेवायचा. नवऱ्यानं विचारलं तर म्हणाला, "ले जा रे, इधर जगह खाती है." नवऱ्यानं ती टेम्पोवर टाकून आणली आणि जिन्याखाली उभी केली. सायकलीसारखी तीन चाकं, तारांची, हवा भरायची. पुढं एक, मागं दोन. मधी कापडाची झोळी, पट्टे, आणि मागं लांब दांडा. त्यानं पुढच्या चाकाला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला आणि लिंबावरनं गाडी पुढं घेतली, ट्रक घेतल्यासारखी. दांड्याला एक पट्टा लोंबत होता, तो कशाला ते आमाला कळेना. म्हणून त्याला मिरच्या आणि लिंबू बांधलं. तो पट्टा मनगटात अडकवायचा असतो, गाडी हातातनं सुटू नये म्हणून, हे मला पुष्कळ नंतर एका उतारावर आपोआप कळलं, आणि त्या दिवशी मिरच्या सोडून टाकल्या.

पहिल्या दिवशी मी दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पण गेले नाय. ते पुढचं चाक वळायचंच नाय. वळायचं असलं की दांडा खाली दाबायचा, चाक वर उचलायचं आणि मग गाडी फिरवायची, हे शिकायला मला एका गवताच्या प्लॉटमधी घुसावं लागलं. मी तिथंच फुटपाथवर बसले, छाती भात्यासारखी, आणि पोरगी गाडीतनं मागं वळून माझ्याकडं बघत होती. रडत नव्हती. तिला पुढचं पाहिजे होतं. दुसऱ्या दिवशी परत गेले. तिसऱ्या दिवशी परत. रस्त्याला खडी लागली की पोरगी "अ" असा एकच सूर लावायची आणि त्या सुराला हादरे बसायचे, त्याची तिला एवढी गंमत की खडी संपली की गप्प आणि परत आली की चालू. मी पळताना बाकी काय ऐकायचे नाय, तेवढं ऐकायचे.

लोकांचं मात्र ऐकावंच लागलं. नवऱ्याच्या माथाडी टोळीतले भेटले की, "काय वहिनी, पोलीस भरती हाय का यंदा?" एका सकाळी एका बिल्डिंगमधनं एक बाई पातेलं घेऊन धावत खाली आली आणि म्हणाली, "अहो भाजीवाली, थांबा ना, मेथी आहे का?" मी थांबले. तिनं गाडीत डोकावलं आणि मेथीच्या जागी माझी लेक. ती बिचारी एवढी लाजली की मीच तिला म्हणलं, उद्या आणते.

आमच्या समोरच्या दाराच्या काकू कोकणातल्या, मिस्टर ऑफिसात. त्या चांगल्या होत्या, पण त्यांचं चांगलं म्हणजे भीती घालून. "बाळंतपणानंतर एवढं हादरवू नये गं. पिशवी खाली येते. माझ्या चुलतबहिणीची आली होती." मला रात्रभर टेन्शन. सकाळी मी पोट बांधून पळायला गेले. भीती गेली नव्हती. पण भीती घरी बसून पण तेवढीच होती, मग बाहेर तरी का नको.

आणि खरं सांगते, जमायला लागलं. एक दिवस मी जिना चढले, पोर कडेवर, आणि वर पोचल्यावर कळलं की मी मधी थांबलेच नाय. कुणाला सांगितलं नाय. दार उघडलं, पोरीला खाली ठेवलं आणि मटक्यातलं पाणी घटाघट प्यायले.

नेमकं तेव्हाच ते दुसरं चालू झालं.

नाक्यावर एक एसटीडी बूथ होता. त्याचा मालक पायानं अधू, लहानपणी पोलिओ झालेला. त्याची हातानं फिरवायची तीनचाकी बूथच्या बाहेर उभी असायची. तिची चाकं बघितली की माझ्या गाडीची आठवण यावी, अगदी तसलीच, तारांची, सायकलीची. हे मला आधी दिसलं नव्हतं. बाकी सगळ्यांना दिसलं होतं. तेव्हा पोलिओच्या डोसाची गाडी भोंगा लावून गल्लीगल्लीतनं फिरायची, लोकांच्या डोक्यात तेच. आणि आमच्याकडं तोपर्यंत धडधाकट लेकराला चाकाच्या खुर्चीत बसवलेलं कुणी बघितलं नव्हतं. धडधाकट लेकरू कडेवर असतं.

खाडीकडच्या गावातली एक म्हातारी कोपऱ्यावर सुकट घेऊन बसायची. ती पहिली बोलली, सरळ तोंडावर. "काय गो बाय, पोरीचे पायाला काय झालाय?"

मी म्हणलं, "काय नाय आजी, चांगले हायत पाय."

"मंग गारीन कशाला घालतेस?"

"मी पळते ना, म्हणून."

तिनं माझ्याकडं बघितलं, पोरीकडं बघितलं. "तू पलतेस," ती म्हणाली, "आनि बसते ती." आणि परत सुकट हलवायला लागली.

मग बूथवाल्यानं एकदा हाक मारली. मी थांबले, म्हणलं फोन असंल गावाचा. तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, सर्टिफिकेट काढलंत का?"

"कसलं सर्टिफिकेट?"

"अपंगाचं. लवकर काढून ठेवा. लहानपणी काढलं की पुढं शाळेला, नोकरीला, सगळीकडं उपयोगी पडतं. मी सांगतो कुठं जायचं ते."

मी म्हणलं, "भाऊ, माझी पोरगी चांगली आहे."

त्यानं मान हलवली, रागावला नाय. "सुरवातीला सगळे असंच म्हणतात, ताई. माझी आई पण म्हणायची."

मी तिथनं पळाले ते घरापर्यंत थांबले नाय.

कारण पोरगी चालत नव्हती. हे मी अजून सांगितलं नाय. वर्षाची होऊन गेली होती, बिल्डिंगमधली तिच्या मागनं झालेली पोरं भिंत धरून चालायची, आणि ही नुसती बसायची, रांगायची, बसायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, काही लेकरं उशिरा चालतात, पाय छान आहेत. पण डॉक्टरीणबाई रोज दुपारी घरात नसायच्या. दुपारी मी पोरीला भिंतीला टेकवून उभी करायचे, हात सोडायचे, आणि ती फरशीवर हळूच घसरत खाली बसायची आणि टाळ्या वाजवायची. मी परत उभी करायचे. सुकटवाल्या म्हातारीचं बोलणं माझ्या कानात. मी पळते आणि बसते ती. माझा श्वास सुधारतोय आणि तिचे पाय वाया चाललेत की काय. हे कुणाला विचारणार. जो विचारंल तो म्हणंल, मग गाडी सोड.

त्या सुमारास गावची जत्रा झाली. आमच्या बिल्डिंगमधले पुरुष जत्रेला गेले, माझा नवरा सुट्टी नव्हती म्हणून गेला नाय. गेलेल्यांनी काय सांगितलं ते मला नंतर कळलं. कुणी वाईट हेतूनं सांगितलं नाय. पारावर बसून हळहळले असतील. पोरगी पांगळी निघाली बिचारी, गाडीवर फिरवतात.

एका सकाळी मी पळून परत आले तर बिल्डिंगच्या खाली पायरीवर माझी सासू बसलेली. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. आत्या कधी मुंबईला यायच्या नाय, त्यांना इथलं पाणी गोड लागायचं नाय. त्या कांद्याच्या ट्रकात बसून आल्या होत्या, ट्रकवाला आमच्याच आळीतला. डोक्यावर पदर, पदराला कांद्याची टरफलं चिकटलेली. बाजूला नवरा उभा, तोंड पाडून.

आत्या सरळ गाडीपाशी आल्या, खाली बसल्या आणि पोरीचे पाय दोन्ही हातांत घेतले. मांड्या चाचपल्या, पोटऱ्या, घोटे, बोटं एकेक. पोरगी हसायला लागली, गुदगुल्या झाल्या तिला. आत्यांच्या डोळ्यातनं पाणी.

"हाडं तर धड हायती," त्या म्हणाल्या. "मग चालत का न्हाई?"

"चालंल, आत्या. काय झालेलं नाय तिला."

"मग ह्या गाड्यात कशाला घातलीया?"

आता हे सासूला कसं सांगायचं. मी सांगितलं. धाप लागायची, डॉक्टर म्हणाली, म्हणून पळते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या बुटांकडं बघत म्हणाल्या, "म्हंजी तुझ्या औषधापायी पोरीला बसवून ठेवलीस."

हे कुणी बोलू नये म्हणून मी इतके दिवस कुणाशी बोलले नव्हते.

आत्या आल्या त्या दिवसापासनं गाडी गॅलरीत गेली. त्यांनी ती कपडे वाळत घालायच्या दोरीनं ग्रिलला बांधली आणि झोळीत कांदे भरून ठेवले, गावाकडनं आणलेले. म्हणाल्या, वारं लागतंय, कांदा टिकंल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले, दोरी सोडली, कांदे एकेक करून परातीत काढले, टरफलं झटकली, पोरीला घातली आणि गेले. दुपारी परत कांदे गाडीत. असं रोज. मी रोज काढायचे. आमचं भांडण तेवढंच, कांद्यांचं. तोंडानं आमी एकमेकींना चहा घेता का, भाकरी वाढू का एवढंच बोलायचो. कधी मोठ्या माणसाच्या शब्दाबाहेर गेले नव्हते मी. पण काढायचे.

मग त्यांनी खरी गोष्ट काढली. संध्याकाळी नवरा घरात असताना. कमरेची पिशवी सोडली आणि त्यातनं कापडाची पुडी, आणि पुडीतनं चांदीचे दोन इवलेसे पाय. आमच्याकडं देवीला वाहतात तसे. डोळे दुखत असले तर चांदीचे डोळे वाहायचे, पाय असले तर पाय.

"मी देवीला बोललेय," आत्या म्हणाल्या. "नातीचं पाय धड कर, तिला तुझ्या पायावर घालीन आन् चांदीचं पाय वाहीन. आता पोरीला घिऊन जाते मी. गावाकडं माती हाय, अंगण हाय, तेलपाणी करीन. चालाया लागली की आणून सोडते."

मी म्हणलं, "आत्या, पण तिच्या पायाला काय झालंच नाय. नवस फुकटचा झाला."

"मग देवीला काय सांगू?" त्या म्हणाल्या. "चुकून बोलले म्हणू? लोकांनी सांगितलं म्हणून बोलले म्हणू? बोलल्याला नवस म्हंत्यात. तो फेडावाच लागतो."

"आणि चालायला नाय लागली तर?"

आत्यांनी पुडी परत बांधली.

"सांगा ना. नाय लागली तर कधी आणून सोडणार?"

नवरा मधी पडला. त्याचा आवाज एकदम मऊ, तो मऊ झाला की मला भीती वाटते. "अगं, दोन महिनेच जाऊ दे. तुला पण आराम. तुझी तब्येत बघ. मोकळी पळ की मग, पाहिजे तेवढी."

पाठीवर गोणी घेऊन दिवसभर पळणारा माणूस, त्याला मी काय सांगणार की मोकळं पळणं काय असतं. मी म्हणलं, "मला आराम नको."

"हट्ट करू नको."

"हट्टच आहे," मी म्हणलं, आणि भाकऱ्या करायला गेले. पिठाला पाणी कमी पडलं, सगळ्या भाकऱ्या चिरल्या.

आळीतला ट्रक परत माल घेऊन आला आणि गावाला जायचा तो दिवस आला. मला सांगितलं नव्हतं कुणी की आजच. मी नेहमीसारखी गेले, कांदे काढले, पोरीला घेऊन गेले. त्या दिवशी मी लांब गेले, वाशीच्या बाजूचा रस्ता धरला आणि परत फिरताना वारा समोरनं, मी जोर लावून आले. वर आले तर दारात आत्यांची पिशवी, आणि पिशवीच्या तोंडाशी पोरीची झबली, तिचं दुपटं, काजळाची डबी. नवरा आत चहा पीत बसलेला. मार्केटात गेलाच नव्हता.

मला सगळं बोलायचं होतं. आणि मला बोलता येईना. छातीत श्वास मावत नव्हता, तोंड उघडं, खांदे वर-खाली.

आत्या म्हणाल्या, वाईट नाय, दुखावूनच म्हणाल्या, "बघ. बोलता यीना तुला. आन् पोर सांभाळणार म्हणतीस. तुझ्या आईचं काय झालं ते साऱ्या गावानं बघितलंय. उद्या तुला काय झालं तर ह्या पोरीकडं कुणी बघायचं?"

त्यांनी पोरीला माझ्या कडेवरनं घेण्यासाठी हात पुढं केले. मी हात वर केला. थांबा म्हणून. आणि मी पोरीला घट्ट धरून उभी राहिले आणि वाट बघितली. घाई केली नाय. नाकानं आत, तोंडानं बाहेर, रोज सकाळी फुटपाथवर करते तसं. ते दोघं माझ्याकडं बघत होते. हळूहळू खांदे खाली आले. मग छाती. माझ्या आईचा श्वास गेला की तसाच अडकून राहायचा, कितीतरी वेळ. माझा परत आला. त्यांच्या डोळ्यासमोर परत आला.

मग मी बोलले. "आत्या, आईला दमा होता. मला नाय. मी पळून आले म्हणून धाप लागली. पळाल्यावर बैलाला पण लागते."

मी खाली बसले, पोर मांडीवर. बूट काढले. पाय पुढं केले, दोन्ही, धुळीनं भरलेले, टाचा फुटलेल्या, एका अंगठ्याचं नख काळं पडलेलं.

"ते चांदीचे पाय काढा," मी म्हणलं. "हे घ्या पाय. ह्यांना लावा. नवस पायांचा आहे ना, मग पाय ज्याचे बिघडले होते त्याचे. माझे बिघडले होते. मला जिना चढता येत नव्हता, तुमच्या लेकाला विचारा. आता येतो. देवीनं तुमचं ऐकलं. जाऊन सांगा तिला, सुनेचे पाय धड झाले."

आत्यांचं तोंड असं झालं, जसं काय मी त्यांना मारलंय. "सुनंच्या पायाला हात लावू? मी?"

"नका लावू."

मी हात पुढं केला. त्यांनी पुडी दिली नाय. मी हात तसाच ठेवला. आधी माझ्या हाताकडं बघत होत्या, मग पोरीच्या पायांकडं. मग नवरा उठला, त्यानं आईच्या हातातनं पुडी अलगद घेतली, सोडली आणि माझ्यापुढं खाली बसला. हे मला अपेक्षित नव्हतं. बायकोच्या पायाशी कोण बसतं आमच्यात. त्यानं ते चांदीचे पाय माझ्या पायांना लावले, एक इकडं, एक तिकडं. चांदी गार लागली. त्याची बोटं गोणीच्या सुतळीनं खरबरीत, ती माझ्या टाचेला लागली. तो वर बघत नव्हता.

मी पिशवीतनं झबली काढली. दुपटं काढलं. काजळाची डबी काढायला गेले तर आत्याच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे ती डबी हितं, मी केलेलं काजळ हाय," आणि डबी काढून फडताळावर ठेवली.

जाताना, चांदीच्या पायांची पुडी कमरेच्या पिशवीत घालून, त्या दारात थांबल्या. पोरीच्या तळव्याला त्यांनी काजळाचं बोट लावलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "चालली न्हाई तर मी परत यीन."

"या," मी म्हणलं. "आमी दोघी इथंच असू."

त्या जिना उतरून गेल्या, नवरा त्यांची पिशवी घेऊन मागं. मी दार लावलं आणि दाराला पाठ लावून बसले. मी सासूला पायाशी बोलावलं होतं. देवीचा नवस मी फिरवला होता. दिवसभर मी वाट बघत होते की आता काय होतंय, छत पडतंय की पोरीला ताप येतोय. काय झालं नाय. संध्याकाळी भात केला.

पुढं पोरगी चालायला लागली, तिच्या वेळेला. गावाला म्हणतात देवीनं केलं, समोरच्या काकू म्हणतात त्यांनी मालिशला दिलेल्या तेलानं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या मी सांगितलंच होतं. मी त्यातलं काय म्हणत नाय. कुणीतरी हे वाचून म्हणंल, चालली ना शेवटी, म्हणजे हिचंच बरोबर होतं. तसं म्हणू नका. मी तिला दिली नाय तेव्हा मला माहीत नव्हतं ती चालंल का नाय. ती कधीच चालली नसती तरी मी तिला दिली नसती. गाडीत घातली असती आणि पळाले असते.